भास्कररावांचे तीन सभात्याग

भास्करराव कारखानीस हे भर सभेतून उठून जाणारे गृहस्थ नव्हते. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, आणि त्या खात्यात माणूस एकदा खुर्चीवर बसला की घंटा होईपर्यंत उठत नाही. त्यामुळे अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात, दांडिया बाजारातल्या मंडळाच्या व्याख्यानमालेत, ते चक्क अध्यक्षाच्या खुर्चीवरून तीनदा उठून बाहेर गेले तेव्हा बडोद्यातल्या मराठी मंडळींनी त्याचा एकच अर्थ काढला. भास्कररावांना वक्त्यांचं म्हणणं मान्य नाही.

खरा अर्थ असा होता की भास्कररावांना लघवीला लागली होती.

हे काही महिने चाललं होतं. जायची घाई व्हायची, पण तिथे पोचल्यावर काम पुढे सरकायचं नाही. एखाद्या सरकारी कचेरीत धावतपळत जावं आणि साहेब जागेवर नसावेत, तसं. एका साप्ताहिकाच्या आरोग्याच्या पानावर त्यांनी वाचलं होतं की साठीनंतर पुरुषांची प्रोस्टेट नावाची ग्रंथी वाढते आणि लघवीच्या वाटेवर दाबून बसते. ते पान त्यांनी घडी घालून गीतेच्या प्रतीत ठेवलं होतं, कारण त्या पुस्तकाला घरात दुसरं कुणी हात लावत नसे. डॉक्टरकडे जायचा प्रश्न नव्हता. डॉक्टरकडे गेलं की तपासणी आली, आणि ती तपासणी कशी करतात हेही त्या पानावर सविस्तर छापलं होतं.

त्यात व्याख्यानाचा विषय पाणी. पुण्याहून आलेल्या डॉ. नीरजा चिटणीस गुजरातेतल्या जुन्या वावांवर, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरणाऱ्या विहिरींवर बोलत होत्या. बाई अतिशय रसाळ बोलत. "चौथ्या मजल्यावर आलं की झऱ्याचा आवाज ऐकू येतो," असं त्या म्हणाल्या आणि भास्करराव पहिल्यांदा उठले. "इथून खापराच्या नळातून पाणी खळखळत शेतात जाई," असं म्हणाल्या आणि ते दुसऱ्यांदा उठले. तिसऱ्यांदा तर बाई पाण्याबद्दल बोलतही नव्हत्या, शिलालेखातलं साल सांगत होत्या. पण तोवर भास्कररावांना निमित्ताची गरज राहिली नव्हती.

त्या तिसऱ्या वेळी त्यांच्या पाठोपाठ धनाजीराव शितोळे उठले. धनाजीराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, बडोद्याच्या अकोटा भागात भास्कररावांच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारे. दोघांची गाठ मागच्या बोळात, हात धुवायच्या नळापाशी पडली.

"बरं केलंत," धनाजीराव म्हणाले. "कुणीतरी उठायलाच पाहिजे होतं. मी पण निषेध म्हणूनच उठलो."

भास्करराव "नाही" म्हणू शकले असते. पण "नाही" म्हटल्यावर "मग कशाला उठलात" हा प्रश्न आला असता. त्यांनी रुमालाने हात पुसले आणि गंभीरपणे मान हलवली. पुढचे दोन महिने जे काही झालं ते या मान हलवण्यातून झालं.

आठवडाभरात मंडळाचे कार्यवाह प्रतापसिंहराव माने घरी आले. फार नाजूक प्रसंगी घालायचा कोट घालून आले. वक्त्या दुखावल्या आहेत, त्यांचं पत्र आलं आहे, असं त्यांनी सांगितलं. पत्रात लिहिलं होतं की अध्यक्षांनी तीन विवक्षित मुद्द्यांवर सभात्याग केला, ही गोष्ट मी गांभीर्याने घेतली आहे, आणि अध्यक्षांचे आक्षेप समजावून घ्यायला मी पुन्हा बडोद्याला यायला तयार आहे. मंडळाने फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी खुली चर्चा ठरवून टाकली होती. दुपारी तीन ते सहा.

"तीन तास?" भास्कररावांनी विचारलं.

"अपुरे पडतील म्हणता?"

भास्कररावांनी घाईघाईने तीन पुरेत म्हणून सांगितलं. आता त्यांच्यापुढे दोन कामं होती. एक, आपला आक्षेप काय होता ते शोधून काढणं. दोन, तीन तास एका जागी बसता येईल अशी व्यवस्था करणं. पहिलं त्यांना सोपं वाटलं. दुसऱ्यासाठी त्यांनी वनस्पतींचा आधार घ्यायचं ठरवलं, कारण वनस्पतीला काही समजावून सांगावं लागत नाही.

सल्ल्यासाठी धनाजीरावच होते. सकाळी फिरताना भास्कररावांनी सहज विषय काढला. "माझ्या एका मेव्हण्याला जरा त्रास आहे. नाशिकचा. लघवीचा."

"सारखं जावं लागतं आणि धार बारीक, असंच ना?" धनाजीराव म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझा एक साडू आहे. भुसावळला. त्याला तेच आहे."

मग नाशिकचे मेव्हणे आणि भुसावळचे साडू यांच्यावर अकोट्याच्या रस्त्यावर रोज तासभर चर्चा होऊ लागली. साडूंना गोखरूचा काढा लागू पडला होता. वरुण नावाच्या झाडाच्या सालीनेही बरं वाटलं होतं. लाल भोपळ्याच्या बिया भाजून खाल्ल्या तर फारच छान, असं साडूंचं मत होतं. नाशिकचे मेव्हणे हे सगळं डायरीत लिहून घेत होते.

मांडवीतल्या एका वैद्यांकडून भास्कररावांनी गोखरू आणि पुनर्नवा आणली. वैद्यांना त्यांनी मेव्हण्याचंच सांगितलं. वैद्यांनी त्यांची नाडी पाहिली आणि मेव्हण्याला पथ्य सांगितलं. एक चमचा भरड चार कप पाण्यात उकळून एक कप उरवायचा होता. भास्कररावांनी विचार केला की मुदत थोडी आहे, तेव्हा चारही कप प्यावेत. हे दोन्ही पदार्थ लघवी वाढवणारे असतात ही गोष्ट त्यांना पहिल्या दिवशी दुपारपर्यंत समजली. त्या दिवशी ते सतरा वेळा गेले. वाट आधीच अरुंद, त्यात वरून पूर सोडलेला.

"हे काय उकळताय?" त्यांच्या पत्नीने, निरुपमाबाईंनी विचारलं. त्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि उत्तर चुकीचं असलं तरी पूर्ण ऐकून घ्यायची त्यांना सवय होती.

"सर्दीचा काढा."

"तुम्हाला सर्दी नाहीये."

"म्हणून तर आधीच घेतोय."

"अहो, तुम्हाला काय होतंय ते मला दिसतं," निरुपमाबाई म्हणाल्या. "अलकापुरीत त्या पारेख डॉक्टरांकडे जाऊन येऊ. मी बाहेर बसेन."

भास्करराव पातेल्यात चमचा ढवळत राहिले. आपण गृहस्थाश्रमाच्या एका मर्यादेपर्यंत येऊन पोचलो आहोत आणि तिच्या पलीकडे बोलायचं नसतं, असा भाव त्यांनी पाठीवर आणला. निरुपमाबाईंनी ती पाठ पाहिली आणि त्या भाजी निवडायला गेल्या.

भाजी भोपळ्याची होती. रोजच भोपळ्याची होती, कारण बियांसाठी भास्करराव एका वेळी पाच-पाच भोपळे आणत. त्या पंधरा दिवसांत घरात भोपळ्याचं भरीत झालं, घारगे झाले, आमटीत भोपळा आला, थालीपीठात आला, आणि शेवटी निरुपमाबाई शेजारीपाजारी फोडी वाटू लागल्या. शेजारच्या गुजराती बाईंनी दोनदा प्रेमाने घेतल्या, तिसऱ्यांदा दार उघडलं नाही. बिया वाळवायला भास्करराव गच्चीवर गेले तर तिथे आधीच एक ताट ठेवलेलं. त्यातही भोपळ्याच्याच बिया, आणि बाजूला खारी हाकलायला काठी घेऊन बसलेले धनाजीराव.

"साडूसाठी," धनाजीराव म्हणाले. "पार्सल करणार आहे."

"मेव्हण्यासाठी," भास्करराव म्हणाले, आणि शेजारी दुसरी खुर्ची घेऊन बसले. दोघांपैकी कुणाचंही पार्सल कधी गेलं नाही.

पार्सल आलं ते अमेरिकेहून. भास्कररावांचा मुलगा सौमित्र न्यू जर्सीत होता. निरुपमाबाई स्वयंपाकघरात आहेत याची खात्री करून भास्कररावांनी त्याला फोनवर हळू आवाजात सांगितलं होतं की तिकडे कुठल्या तरी ताडाच्या फळाच्या गोळ्या मिळतात म्हणे, त्या पाठव. त्याने लगेच सहा बाटल्या पाठवल्या. त्या थेट घरी न येता कस्टमच्या टेबलावर जाऊन बसल्या आणि भास्कररावांना हजर राहण्याची चिठ्ठी आली.

टेबलापलीकडे एक तरुण अधिकारी होता. मागे रांग होती. अधिकाऱ्याने बाटली उजेडात धरली.

"काका, आ शेनी दवा छे?"

"स्मरणशक्तीची," भास्करराव म्हणाले.

अधिकाऱ्याने लेबल वाचलं. "पण इथे तर लिहिलंय फॉर मेन. लेडीजला स्मरणशक्ती नसते?"

रांगेतल्या दोन बायका पुढे सरकल्या. मग अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू वेगळाच उजेड पडला. त्या वर्षी अमेरिकेतल्या एका नव्या निळ्या गोळीबद्दल वर्तमानपत्रांत रोज काही ना काही येत होतं. त्याने आवाज खाली आणला. "काका, तुमची उमर किती?"

"त्रेसष्ट."

अधिकारी खुर्चीवरून अर्धवट उठला आणि त्याने हात जोडले. आयुष्यभर मिळालेल्या नमस्कारांत हा सगळ्यात मनापासून केलेला होता, आणि भास्कररावांना तो स्वीकारताही येईना, नाकारताही येईना. आदर असला तरी नियम नियम होता. औषध कशासाठी आहे याचा दाखला हवा होता. भास्करराव पुन्हा मांडवीला गेले. वैद्यांनी कागदावर "वातविकार" असं लिहून सही-शिक्का दिला. गुजरातीत वात म्हणजे बोलणं. अधिकाऱ्याने तो कागद दोनदा वाचला.

"बहु वातो करो छो?" त्याने सहानुभूतीने विचारलं. फार बोलता का?

"हो," भास्करराव म्हणाले, आणि बाटल्या घेऊन घरी आले.

गोळ्यांनी काय झालं हे सांगणं अवघड आहे. पहिल्या आठवड्यात त्यांना फार बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात पहिल्यासारखंच वाटलं. तिसऱ्या आठवड्यात दोन गोळ्यांच्या चार केल्या तेव्हा पोटात जळजळ झाली, आणि त्या नादात ते बाकीचं विसरले. दरम्यान पहिलं काम तसंच पडून होतं. ग्रंथालयात बसून त्यांनी वावांवरची तीन पुस्तकं वाचली, पण बाईंच्या बोलण्यात त्यांना एकही चूक सापडली नाही. उलट बाईंचं सगळं बरोबर आहे अशी त्यांची खात्री पटत चालली. इकडे मंडळात मात्र त्यांच्या बाजूचा एक गट तयार झाला होता. धनाजीराव गटाचे प्रवक्ते होते. आक्षेप काय आहे असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "तो भास्करराव योग्य वेळी सांगतील."

योग्य वेळ आली तेव्हा भास्कररावांना खरोखरच सर्दी झाली होती. सभागृहाच्या दाराशी ते तीनदा शिंकले. धनाजीरावांनी खिशातून गोळी काढली. "नाक एकदम कोरडं होईल. मी नेहमी घेतो." भास्कररावांनी एक घेतली, आणि प्रसंगाचं गांभीर्य पाहून आणखी एक घेतली.

सभा तुडुंब भरली होती. नीरजाबाईंनी आपले तिन्ही मुद्दे पुन्हा मांडले आणि वही उघडून भास्कररावांकडे पाहिलं. "सर, तुमचे आक्षेप सांगाल?"

भास्करराव उभे राहिले. समोर दोनशे माणसं होती आणि डोक्यात एकही वाक्य नव्हतं. अशा वेळी माणसाच्या मदतीला त्याची नोकरी येते. "परीक्षा विभागात," ते म्हणाले, "आम्ही उत्तरपत्रिकेवर चूक लिहून देत नसू. आम्ही एवढंच कळवायचो की पुन्हा तपासावी. डॉक्टरबाईंनी ती तीन स्थळं पुन्हा तपासावीत. एवढंच माझं निवेदन आहे." आणि खाली बसले.

धनाजीरावांच्या गटाने टाळ्या वाजवल्या. बाईंनी मात्र टाळ्यांकडे लक्ष न देता वहीत काहीतरी लिहून घेतलं, आणि ते पाहून भास्कररावांना स्वतःची लाज वाटली. मग इतरांची भाषणं झाली, प्रतापसिंहरावांचं आभारप्रदर्शन झालं, ते स्वतंत्र भाषणच होतं. सहा वाजून गेले. भास्करराव तीन तास दहा मिनिटं जागचे हलले नव्हते. काढा, बिया, ताडाचं फळ, सगळं एकदम लागू पडलं होतं. त्या आनंदात ते मागच्या बोळात गेले आणि पंधरा मिनिटांनी तसेच परत आले.

घाई होती, पण एक थेंब नव्हता. घरी पोचून त्यांनी नळ सोडून पाहिला, गरम पाण्याची पिशवी घेतली, झऱ्याचा विचार करून पाहिला. ओटीपोट दगडासारखं झालं. सात वाजता ते बाहेर येऊन निरुपमाबाईंसमोर उभे राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"मला डॉक्टरकडे ने," ते म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य ते पहिल्यांदा बोलत होते.

निरुपमाबाईंनी लगेच पिशवी उचलली. पिशवीत टॉवेल आधीच भरलेला होता. अकोट्याहून अलकापुरीपर्यंतच्या रस्त्यात किती खड्डे आहेत याची भास्कररावांना रिक्षात नेमकी मोजणी करता आली. एका खड्ड्यापाशी त्यांनी निरुपमाबाईंचा हात धरला तो पारेख डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत सोडला नाही.

पुढच्या दहा मिनिटांत इतकी वर्षं जपलेली अब्रू कुठे गेली हे त्यांना कळलंही नाही. एका सिस्टरने आणि डॉक्टरांनी मिळून नळी घातली, आणि मग जे सुख झालं त्याचं वर्णन करायला नीरजाबाईंचीच भाषा हवी. पिशवी भरत असताना भास्कररावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "साडेनऊशे मिली," सिस्टर म्हणाली. त्यांना तो आपला निकाल लागल्यासारखा वाटला.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. "काय काय घेत होता?"

भास्कररावांनी सगळं सांगितलं. मेव्हण्याचं नाव न घेता सांगितलं.

"झाडपाल्याने कुणाला थोडं बरं वाटतं, कुणाला काहीच होत नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यावर मी भांडणार नाही. आजचा घोटाळा सर्दीच्या गोळीने केलाय. ती नाक कोरडं करते, पण तुमच्यासारख्यांना खालची वाटही आवळून टाकते. आणि खरा घोटाळा हा की आठ महिने कुणाला दाखवलं नाहीत. गाठ साधी आहे की दुसरं काही, हे न पाहता तुम्ही बिया खात बसलात. उद्या रक्त तपासू. साधीच असेल असं मला वाटतं. चार दिवस नळी राहू द्या, गोळ्या देतो. नाहीच भागलं तर ऑपरेशनचं बघू."

"दुसरं काही" हे दोन शब्द ऐकून निरुपमाबाईंनी पदर घट्ट धरला. भास्कररावांनी ते पाहिलं. आपण आठ महिने काय लपवत होतो आणि कुणापासून, हे त्यांना त्या वेळी कळलं. "चुकलं माझं," ते म्हणाले. डॉक्टरांना वाटलं ते त्यांना उद्देशून होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनाजीराव आले. केळी आणली होती. खाटेच्या कडेला टांगलेल्या पिशवीकडे ते बराच वेळ पाहत राहिले.

"माझ्या गोळीने झालं म्हणे."

"तुम्हाला काय ठाऊक होतं."

"डॉक्टर कसे आहेत? म्हणजे माझ्या साडूला दाखवायचं होतं."

"साडू भुसावळहून येणार?"

धनाजीरावांनी एक केळं सोललं आणि ते हातातच धरलं. "तो इथेच बसलाय," ते म्हणाले.

निरुपमाबाईंनी उठून बाहेरच्या काउंटरवर त्यांचं नाव लिहून दिलं. धनाजीराव डॉक्टरांकडे आत गेले, तेवढ्यात दारात नीरजाबाई उभ्या राहिल्या. त्यांची पुण्याची गाडी दुपारची होती. प्रतापसिंहरावांकडून त्यांना कळलं होतं की भास्कररावांची तब्येत चर्चेच्या ताणाने बिघडली.

"सर, मला अपराधी वाटतंय," त्या म्हणाल्या. "आणि मला तुम्हाला एक सांगायचं आहे. तुम्ही पुन्हा तपासावं म्हणालात. काल रात्री मी उतरलेल्या ठिकाणी शिलालेखाच्या कागदी ठशांचे फोटो समोर घेऊन बसले. पहिल्या दोन ठिकाणी माझं बरोबर आहे असं अजून वाटतं. पण तुम्ही तिसऱ्यांदा उठलात ते शिलालेखाचं साल. तिथला एक आकडा मी चुकीचा वाचला होता. त्यावर माझं अख्खं प्रकरण उभं होतं. पुस्तक पुढच्या महिन्यात छापायला जाणार होतं. तुम्ही मला वाचवलंत. प्रस्तावनेत तुमचे आभार मानणार आहे."

भास्कररावांना एवढंच करायचं होतं की मान हलवायची. एकदा हलवली होती, दुसऱ्यांदा हलवायला काहीच लागणार नव्हतं. बाई खूश होऊन पुण्याला गेल्या असत्या, मंडळात त्यांची तसबीर लागली असती. निरुपमाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या, पण काहीही सुचवत नव्हत्या. चौतीस वर्षं भास्कररावांनी कुणाला न लिहिलेल्या उत्तराचा अर्धा गुणही दिला नव्हता.

"बाई, मी निषेध केला नव्हता," ते म्हणाले.

"मग?"

भास्कररावांनी चादरीखालून आलेल्या नळीकडे आणि तिच्या टोकाच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "हा माझा आक्षेप होता."

नीरजाबाईंना समजायला थोडा वेळ लागला. "तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. तुम्ही झऱ्याचं वर्णन फार चांगलं केलंत."

बाईंनी वही मिटली. त्या रागावतील असं वाटून भास्कररावांनी डोळे मिटून घेतले होते. पण बाई पदर तोंडाशी धरून हसत होत्या, आणि हसता हसता त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. "माझ्या वडिलांना हेच होतं," त्या सावरत म्हणाल्या. "त्यांनी माझ्या लग्नात अंतरपाट धरला असताना सभात्याग केला होता. आमच्या सासरकडचे आजही त्यावरून बोलतात." मग त्यांनी वही पुन्हा उघडली. "तरी सर, तुम्ही उठला नसता तर मी ते साल पुन्हा पाहिलं नसतं. तेवढं खरं आहे ना? आभार मी मानणारच. वाक्य तुम्ही सांगा."

भास्कररावांनी विचार केला. मसुदा हा त्यांचा प्रांत होता. "लिहा," ते म्हणाले. "व्याख्यानाचे अध्यक्ष श्री. भास्करराव कारखानीस हे तीन वेळा उठून बाहेर गेल्यामुळे ती तीन स्थळे पुन्हा तपासण्याची बुद्धी झाली."

"अपुरं आहे," निरुपमाबाई म्हणाल्या. "वाचणाऱ्याला वाटेल रागावून गेले. 'प्रकृतीच्या कारणाने' असं घाला."

आतून धनाजीरावांचा, तपासणी अजिबात मान्य नसल्याचा आवाज आला आणि थांबला. भास्करराव वरच्या पंख्याकडे पाहत राहिले. नीरजाबाई पेन धरून वाट पाहत होत्या.

"प्रकृती हा शब्द मोघम आहे," भास्करराव म्हणाले. "प्रोस्टेट लिहा."